बालविकास-संशोधनाची संस्था आणि आयोवाचा वाद

विद्वत्संस्थांचा इतिहास बहुधा त्यांच्या अध्यक्षांच्या नामावळीवरून, अधिवेशनांच्या वृत्तांतांवरून आणि सभासदसंख्येच्या आकड्यांवरून लिहिला जातो. असा इतिहास निरुपयोगी असतो असे नव्हे. परंतु संस्थेने ज्ञानाच्या क्षेत्रात प्रत्यक्ष काय केले, ती नसती तर काय घडले नसते, या प्रश्नाचे उत्तर त्यातून क्वचितच मिळते. अमेरिकेतील ‘सोसायटी फॉर रिसर्च इन चाइल्ड डेव्हलपमेंट’ ही बालविकास-संशोधनाची संस्था १९३३ साली स्थापन झाली. आपल्याकडील मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र व गृहविज्ञान या विषयांच्या विद्यार्थ्यांना तिची नियतकालिके परिचित आहेत. तिचा इतिहास मात्र फारसा परिचित नाही. प्रस्तुत लेखात तो साकल्याने सांगण्याचा हेतू नाही. संस्थेची उभारणी कशी झाली याचा थोडक्यात परामर्श घेऊन, एका दीर्घ व कटू वादाच्या संदर्भात तिच्या कार्याचे स्वरूप तपासावयाचे, एवढीच त्याची मर्यादा आहे. आमचे प्रतिपाद्य असे की, या संस्थेचे खरे कार्य तिच्या अधिवेशनांपेक्षा तिने प्रसिद्ध केलेल्या दीर्घ प्रबंधिकांत पाहावयास मिळते. कारण मुलाच्या वाढीचा अभ्यास हा मुलाच्या वाढीइतकाच वेळ घेतो, आणि इतका वेळ धीर धरणारी पाने इतरत्र सहजासहजी मिळत नाहीत.

या कथेचा आरंभ कोणत्याही विद्यापीठात नव्हे, तर आयोवा राज्यातील एका गृहिणीच्या खटपटीत आहे. डे मॉइन शहरातील कोरा बसी हिलिस या बाईंच्या अपत्यांपैकी तीन दगावली होती. मक्याची व डुकरांची पैदास सुधारण्यासाठी सरकार शास्त्रीय संशोधनावर पैसा खर्च करते, मग मुलांच्या संगोपनासाठी तसेच संशोधन का करू नये, असा त्यांचा साधा प्रश्न होता. शेतीप्रधान राज्याच्या विधिमंडळाला हा युक्तिवाद समजण्यास अडचण नव्हती, तरीही तो गळी उतरावयास कित्येक वर्षे गेली. अखेर १९१७ साली राज्य विद्यापीठात ‘आयोवा चाइल्ड वेल्फेअर रिसर्च स्टेशन’ स्थापन करण्याचा कायदा झाला आणि त्यासाठी दरसाल २५,००० डॉलरची तरतूद करण्यात आली. बर्ड बाल्डविन हे त्याचे पहिले संचालक. रुग्ण अथवा अपराधी मुलांचा नव्हे, तर सामान्य मुलाचा अभ्यास हे या केंद्राचे घोषित उद्दिष्ट होते. आज ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते की तिचे नावीन्य लक्षातही येत नाही. त्या काळापर्यंत मूल शास्त्राच्या नजरेस येई ते आजारी पडल्यावर, शाळेत मागे पडल्यावर किंवा न्यायालयात उभे राहिल्यावर.

यानंतरच्या दशकात चित्र झपाट्याने बदलले आणि त्यामागे मुख्यतः एका निधीचे द्रव्यबळ होते. जॉन डी. रॉकफेलर यांनी पत्नीच्या स्मरणार्थ १९१८ साली स्थापन केलेल्या ‘लॉरा स्पेलमन रॉकफेलर मेमोरियल’ची सूत्रे १९२२ मध्ये बिअर्ड्सली रमल यांच्याकडे आली. त्यांचे सहकारी लॉरेन्स के. फ्रँक यांनी बालसंशोधन व पालकशिक्षण हा आपला विषय करून टाकला. फ्रँक हे अर्थशास्त्राचे पदवीधर. प्रयोगशाळेशी त्यांचा संबंध नव्हता. परंतु कोणत्या विद्यापीठात कोण काय करू शकेल याची त्यांची जाण विलक्षण होती. त्यांच्या प्रयत्नाने कोलंबिया विद्यापीठाचे टीचर्स कॉलेज, मिनेसोटा, बर्कली, टोराँटो इत्यादी ठिकाणी बालविकासाची केंद्रे उभी राहिली किंवा सुदृढ झाली. आयोवा व येल येथील कार्यासही साहाय्य मिळाले. धनिकांच्या देणगीवर उभारलेल्या शास्त्राविषयी साशंक असणे योग्यच आहे, आणि कोणते प्रश्न विचारावयाचे हे ठरविण्यात देणगीदाराचा हात असतोच. तथापि ही केंद्रे टिकाऊ ठरली व त्यांतील अनेकांनी एकाच मुलांच्या समूहाची वर्षानुवर्षे पाहणी करण्याची पद्धत स्वीकारली, याचे श्रेय फ्रँक यांना दिलेच पाहिजे.

केंद्रे वाढली तसा एक नवा प्रश्न उद्भवला. मुलाच्या हाडांची वाढ मोजणारा शरीरशास्त्रज्ञ, त्याच्या आहाराचा हिशेब ठेवणारा पोषणतज्ज्ञ, त्याची बुद्धी मापणारा मानसशास्त्रज्ञ आणि त्याला तपासणारा बालरोगचिकित्सक हे चौघेही एकाच मुलाविषयी लिहीत. पण प्रत्येकाचे नियतकालिक वेगळे, परिभाषा वेगळी, परिषदा वेगळ्या. एकाचे लेखन दुसऱ्याच्या वाचनात येण्याचा संभव थोडाच. ‘नॅशनल रिसर्च कौन्सिल’च्या मानवशास्त्र व मानसशास्त्र विभागात १९२२-२३ च्या सुमारास बालविकासविषयक उपसमिती नेमण्यात आली होती. १९२५ मध्ये तिचे रूपांतर पूर्ण समितीत झाले आणि कोलंबियाचे रॉबर्ट वुडवर्थ यांच्याकडे तिचे नेतृत्व आले. वुडवर्थ हे स्वतः बालमानसशास्त्रज्ञ नव्हते. ते प्रायोगिक मानसशास्त्राचे समतोल वृत्तीचे अध्यापक होते, आणि भिन्न शाखांच्या माणसांना एकत्र बसविण्यासाठी असा मनुष्यच बहुधा उपयोगी पडतो.

या समितीने शिष्यवृत्त्या दिल्या, १९२५ पासून १९३३ पर्यंत चार परिषदा भरविल्या, आणि बालविकासाच्या संशोधकांची एक सूची तयार केली. १९२७ च्या सूचीत ४२५ नावे होती. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या विषयाचे नावही रूढ नव्हते त्यात चारशेपेक्षा अधिक शास्त्रज्ञ गुंतलेले आहेत, हे खुद्द त्या शास्त्रज्ञांनाही या सूचीमुळेच कळले असावे! त्याच वर्षी ‘चाइल्ड डेव्हलपमेंट अॅब्स्ट्रॅक्ट्स अँड बिब्लिओग्राफी’ या सारसंग्रहाचा पहिला खंड निघाला. दुसऱ्याने लिहिलेल्या लेखाचा दहा ओळींत गोषवारा देणे हे कीर्ती देणारे काम नव्हे. परंतु वैद्यक, मानवशास्त्र, आहारशास्त्र व मानसशास्त्र या सर्वांतील बालविषयक लेखनाचा गोषवारा एका ठिकाणी मिळू लागला, तेव्हाच बालविकास हा स्वतंत्र विषय म्हणून हाती लागण्याजोगा झाला. हा सारसंग्रह २००१ पर्यंत चालू होता. पुढे यांत्रिक सूचींनी त्याचे काम आपल्याकडे घेतले.

१९३३ साली, आर्थिक मंदी ऐन भरात असताना, समिती विसर्जित झाली आणि तिचे कार्य नव्या संस्थेकडे सोपविण्यात आले. पाठीशी असलेला रॉकफेलर निधी १९२९ मध्येच मुख्य प्रतिष्ठानात विलीन झालेला होता. संस्थेच्या नावात ‘मानसशास्त्र’ हा शब्द नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. कोणत्याही एका शास्त्राची मालकी नसलेले क्षेत्र अशी तिची मूळ कल्पना होती. व्यवहारात मात्र काही दशकांतच मानसशास्त्रज्ञांचे प्राबल्य झाले. वैद्यक, शरीरवृद्धी व पोषण हे विषय आपापल्या घरी परतले. हा संस्थेच्या मूळ संकल्पाचा पराभवच म्हटला पाहिजे, आणि तो तिच्या इतिहासकारांनीही नाकारलेला नाही. संस्थेने आपल्या स्थापनेची चिकित्सा १९८५ साली स्वतःच्याच प्रबंधिका-मालेत छापली, त्यात अॅलिस स्मट्स यांनी वुडवर्थ समितीपासूनचा वृत्तांत दिला आहे. जिज्ञासूंनी तो मुळातूनच पाहावा.

संस्थेची तीन प्रकाशने प्रमुख होती. समितीकडून वारशाने आलेला सारसंग्रह, १९३० साली निघालेले व पुढे संस्थेचे मुखपत्र झालेले ‘चाइल्ड डेव्हलपमेंट’ हे नियतकालिक, आणि १९३५ मध्ये सुरू झालेली प्रबंधिका-माला. यांपैकी तिसरे आमच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. नियतकालिकातील लेखाला पृष्ठमर्यादा असते. संपादकाला निष्कर्ष हवा असतो, आणि कोष्टके छापण्याचा खर्च परवडत नाही. उलट, पुस्तक छापावयाचे तर प्रकाशकाला ग्राहक हवा. या दोहोंच्या मध्ये पडणारे शेकडो मापनांचे, मूल-वार नोंदींचे लेखन कोठे जावे? प्रबंधिका-मालेने त्याला घर दिले.

मालेची पहिलीच प्रबंधिका नॅन्सी बेली यांची होती, आणि तिचा विषय जन्मानंतरच्या पहिल्या तीन वर्षांतील कारक कौशल्यांचा विकास हा होता. बर्कली येथे १९२८-२९ मध्ये जन्मलेल्या सुमारे साठ निरोगी बालकांची पाहणी बेली यांनी हाती घेतली होती. मूल मान केव्हा धरते, आधारावाचून केव्हा बसते, पायरी केव्हा चढते याच्या नोंदी महिन्यामहिन्याने घेतलेल्या होत्या. आपल्याकडील आजीबाईंना या गोष्टी ठाऊक नव्हत्या असे नाही; परंतु ‘साधारणपणे’ या शब्दाच्या पोटात किती फरक सामावलेला असतो, हे मोजल्यावाचून कळत नाही. हीच मुले बेली यांनी पुढे प्रौढ वयापर्यंत पाहिली. या दीर्घ पाहणीतून निघालेला एक निष्कर्ष असा की, पहिल्या वर्षातील बुद्धिविषयक कसोट्यांवरील गुणांचा शाळकरी वयातील बुद्धिगुणांकाशी जवळजवळ काहीच संबंध आढळत नाही. बुद्धी ही जन्मतःच ठरलेली व अचल राशी आहे असे मानणाऱ्यांना हा निष्कर्ष पचविणे कठीण होते. परंतु बेली वादपटू नव्हत्या. त्यांनी कोष्टके छापली व पुढील वर्षांची पाहणी चालू ठेवली. १९६१ ते १९६३ या काळात त्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या.

येथे आपण मूळ वादाशी येऊन पोहोचतो. बुद्धी अनुवंशाने ठरते की परिस्थितीने, हा प्रश्न त्या काळी केवळ तात्त्विक नव्हता. अनाथ मूल दत्तक देण्यायोग्य आहे की मंदबुद्धींच्या आश्रमात पाठवावयाचे, याचा निर्णय बुद्धिगुणांकाच्या एका आकड्यावरून होत असे. १९१६ मध्ये बिनेच्या कसोटीची स्टॅनफर्ड आवृत्ती सिद्ध करणारे लुई टर्मन यांचा अनुवंशावर दृढ विश्वास होता. राष्ट्रीय शिक्षणाभ्यास-मंडळाच्या १९२८ च्या वार्षिक ग्रंथात हा प्रश्न चर्चिला गेला तेव्हा त्या समितीचे अध्यक्षपद टर्मन यांच्याकडेच होते. बारा वर्षांनी, १९४० च्या वार्षिक ग्रंथात तोच प्रश्न पुन्हा आला, तेव्हा समितीचे अध्यक्ष होते आयोवा केंद्राचे संचालक जॉर्ज स्टॉडर्ड. दोन अध्यक्षांच्या नावांतच मधल्या काळातील स्थित्यंतर दिसते.

या स्थित्यंतराच्या मुळाशी आयोवाचे संशोधन होते. बेथ वेलमन यांनी बालकमंदिरात जाणाऱ्या मुलांचे बुद्धिगुणांक वाढतात असे आकडे प्रसिद्ध केले होते. मेरी स्कोडाक व हॅरल्ड स्कील्स यांनी दत्तक दिलेल्या मुलांचा मागोवा घेतला होता. पण सर्वांत आश्चर्यकारक वृत्तांत डॅव्हनपोर्ट येथील राज्याच्या अनाथालयाचा होता. स्कील्स हे त्या वेळी राज्याच्या बालसंस्थांचे मानसशास्त्रज्ञ म्हणूनही काम पाहत. अनाथालयाची स्थिती त्या काळच्या मानाने वाईट नव्हती. अन्न होते, औषध होते, स्वच्छता होती. परंतु तान्ही मुले पाळण्यांत पडून राहत, पाळण्यांच्या बाजूंवर चादरी टाकलेल्या असत, आणि दूध पाजणे व कपडे बदलणे यापलीकडे त्यांच्याशी कोणी बोलत नसे. थोडी मोठी झाल्यावर तीस-पस्तीस मुले एका मेट्रनच्या व काही अशिक्षित मदतनीस मुलींच्या हवाली होत.

१३ आणि १६ महिन्यांच्या दोन मुली अशाच स्थितीत स्कील्स यांच्या पाहण्यात आल्या. त्यांचे बुद्धिगुणांक ४६ व ३५ भरले. त्या मंदबुद्धी आहेत असे ठरवून त्यांना मंदबुद्धींच्या संस्थेत पाठविण्यात आले व वयाने मोठ्या, पण मानसिक वयाने पाच ते नऊ वर्षांच्या स्त्रियांच्या कक्षात ठेवण्यात आले. सहा महिन्यांनी स्कील्स त्या संस्थेत गेले तेव्हा या दोघी त्यांना हसत-खेळत असलेल्या आढळल्या. पुन्हा कसोटी घेतली, ती ७७ व ८७ वर आली; पुढे दोघींचेही बुद्धिगुणांक नव्वदीच्या वर गेले. त्या कक्षातील स्त्रियांनी आणि परिचारिकांनी दोघी मुलींना जणू वाटून घेतले होते. त्यांना कडेवर घेतले जाई, बाहेर फिरावयास नेले जाई, खेळणी व चित्रांची पुस्तके आणून दिली जात. ज्यांना समाजाने मंदबुद्धी म्हणून बाजूला सारले होते त्यांनीच या मुलींना शहाणे केले, ही गोष्ट कोणत्याही सिद्धान्तापूर्वी थांबून विचार करावयास लावणारी आहे.

या योगायोगावरून स्कील्स यांनी संस्थेचे अधीक्षक हॅरल्ड डाय यांच्या साहाय्याने एक प्रयोग आखला. तीन वर्षांखालील, दत्तक देण्यास अयोग्य ठरलेली १३ मुले अनाथालयातून ग्लेनवुड येथील मंदबुद्धींच्या संस्थेत पाहुणे म्हणून पाठविण्यात आली. त्यांचा सरासरी बुद्धिगुणांक सुमारे ६४ होता. अनाथालयातच राहिलेल्या १२ मुलांचा तुलनागट मागाहून नोंदींवरून निवडण्यात आला. त्यांची आरंभीची सरासरी सुमारे ८७, म्हणजे पुष्कळच चांगली होती. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार पहिल्या गटातील प्रत्येक मुलाचा बुद्धिगुणांक वाढला, आणि ही वाढ ७ पासून ५८ गुणांपर्यंत होती. दुसऱ्या गटाची सरासरी सुमारे २६ गुणांनी उतरून ६० च्या आसपास आली. आरंभी जे गट एका क्रमाने उभे होते ते काही वर्षांत उलट क्रमाने उभे राहिले.

या वृत्तांतावर टीकेचे मोहोळ उठले. टर्मन यांनी विरोध केला. मिनेसोटाच्या फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी पुराव्याची कठोर छाननी केली. स्टॅनफर्डचे क्विन मॅकनेमार यांनी १९४० मध्ये सांख्यिकीच्या आधारे आयोवाच्या अभ्यासांचे एकामागून एक दोष दाखविले. त्यांच्या आक्षेपांत तथ्य नव्हते असे मुळीच नाही. मुलांची गटांत विभागणी यदृच्छया केलेली नव्हती. अत्यंत कमी गुण मिळविणाऱ्यांचे गुण पुनर्मापनात आपोआप सरासरीकडे सरकतात. तान्ह्या मुलांच्या कसोट्या मुळातच अविश्वसनीय असतात, आणि बेली यांच्या कोष्टकांनीही तेच सांगितले होते. आयोवाच्या लेखकांनी उत्तरे दिली, पण त्या काळच्या विद्वत्समाजात आयोवाची बाजू फिकी पडली यात शंका नाही. ज्यांनी बालविकास-समितीचे नेतृत्व केले होते त्या वुडवर्थ यांनी १९४१ मध्ये जुळ्या व दत्तक मुलांवरील संशोधनाचा समतोल आढावा लिहिला. परंतु त्या सुमारास युद्ध सुरू झाले. १९४२ मध्ये स्टॉडर्ड आयोवा सोडून गेले, स्कील्स सैन्यसेवेत दाखल झाले, आणि वाद मिटण्याऐवजी नुसता थांबला. हा सर्व सामना बहुतांशी इतर नियतकालिकांच्या पानांवर खेळला गेला, आणि १९३९ चा मूळ वृत्तांतही मंदबुद्धित्वविषयक एका संघटनेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला होता. गुडइनफ पुढे १९४६-४७ मध्ये बालविकास-संस्थेच्या अध्यक्षा झाल्या, यावरून संस्थेत कोणत्या मताचे वजन होते याची कल्पना येते.

आणि तरीही, १९६६ साली याच संस्थेच्या प्रबंधिका-मालेत स्कील्स यांचा अंतिम वृत्तांत प्रसिद्ध झाला. वीसहून अधिक वर्षांच्या खंडानंतर, राष्ट्रीय आरोग्यसेवेत असताना, स्कील्स यांनी त्या पंचवीस जणांचा शोध घेण्याचे ठरविले. दत्तक गेलेल्यांची नावे बदललेली, घरे बदललेली, राज्येही बदललेली. तरीही एकूण एक व्यक्तीचा पत्ता लागला. एखाद्या पोलीस अधिकाऱ्यालाही हेवा वाटावा असे हे काम आहे! या वेळी बुद्धिगुणांक मोजण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. त्यांनी फक्त ही माणसे कशी जगत आहेत ते विचारले. एका परीने सर्व सांख्यिकीय आक्षेपांना त्यांनी बगल दिली. कारण एखादा मनुष्य स्वतःच्या पायावर उभा आहे की आश्रमात आहे, याला सरासरीकडे सरकण्याचा नियम लागू पडत नाही.

निष्कर्ष असे होते. ग्लेनवुडला गेलेल्या तेराही व्यक्ती स्वावलंबी होत्या. अकरा जण बालपणीच दत्तक गेले होते, आणि अकरा जणांचे विवाह झाले होते. त्यांच्या शिक्षणाचा मध्यांक बारावी इयत्ता हा होता, आणि चौघे महाविद्यालयापर्यंत पोहोचले होते. त्यांना झालेल्या २८ मुलांच्या बुद्धिगुणांकाची सरासरी १०४ च्या आसपास, म्हणजे अगदी सर्वसाधारण होती. तुलनागटातील एकजण किशोरवयातच संस्थेत मरण पावला होता. उरलेल्या अकरांपैकी चौघे अजूनही संस्थांत होते. शिक्षणाचा मध्यांक तिसरी इयत्ता होता. दोघांचेच विवाह झाले होते. जे बाहेर होते त्यांतील बहुतेक भांडी धुण्यासारख्या हलक्या कामांवर होते. एकच अपवाद होता. हा मनुष्य छापखान्यात खिळे जुळविणारा कुशल कामगार झाला होता. त्याला कमी ऐकू येत असे, म्हणून तो मुक्या-बहिऱ्यांच्या निवासी शाळेत गेला, आणि तेथील मेट्रनचा त्याच्यावर जीव जडला. त्यापूर्वी अनाथालयात असतानाच एका विद्यार्थ्याच्या संशोधनासाठी त्याला विशेष शिक्षणही मिळाले होते. अपवादाने नियम मोडत नाही तर त्याची प्रक्रिया उघड होते, असे उदाहरण शोधूनही यापेक्षा चांगले मिळणार नाही.

या प्रबंधिकेने काय सिद्ध केले व काय केले नाही, याविषयी तारतम्य बाळगणे आवश्यक आहे. पंचवीस व्यक्तींवरून अनुवंशाचा प्रश्न निकालात निघत नाही. पहिल्या गटात दहा मुली व तीन मुलगे, तर दुसऱ्यात चार मुली व आठ मुलगे होते. या विषमतेचा परिणाम दत्तक जाण्याच्या शक्यतेवर होणे अपरिहार्य होते. सुधारणा ग्लेनवुडमधील वास्तव्यामुळे झाली की त्यानंतरच्या दत्तक घरांमुळे, हे वेगळे काढता येत नाही. बहुधा दोन्हींमुळे, कारण पहिल्यावाचून दुसरे घडलेच नसते. १९६५ मध्ये अमेरिकन सरकारने गरीब मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ ही पूर्वप्राथमिक योजना सुरू केली, तेव्हा वातावरण आयोवाच्या बाजूने झुकलेले होते. त्यामुळे १९६६ च्या वृत्तांताचे स्वागत जरा जास्तच उत्साहाने झाले, असेही म्हणता येईल. परंतु १९४० मध्ये उपहासाचा विषय झालेल्या एका माणसाला आपला पुरावा अनेक वर्षांच्या नोंदींसह, मूल-वार वर्णनांसह छापता आला, आणि तो ज्या संस्थेने छापला तिच्या अध्यक्षपदी त्याची टीकाकार बसून गेली होती, हे या संस्थेच्या इतिहासातील सर्वांत मोलाचे प्रकरण आहे असे आम्हांस वाटते. १९६८ साली स्कील्स यांना केनेडी प्रतिष्ठानाचे पारितोषिक देण्यात आले, त्या समारंभात ते त्या तेरांपैकीच एका पदवीधराच्या हस्ते देण्यात आले. दोन वर्षांनी स्कील्स वारले.

याच्या दुसऱ्या बाजूचाही उल्लेख केला पाहिजे. डॅव्हनपोर्टच्या त्याच अनाथालयात, १९३९ सालीच, आयोवा विद्यापीठातील वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने तोतरेपणावर एक प्रयोग केला. २२ मुलांपैकी काहींना, ज्यांचे बोलणे निर्दोष होते अशांनाही, तुम्ही अडखळता असे वारंवार सांगण्यात आले. त्यांपैकी काहींचा बोलण्याचा धीरच खचला. हा अभ्यास पदव्युत्तर प्रबंधाच्या रूपाने ग्रंथालयात राहिला. कोणत्याही नियतकालिकात तो छापला गेला नाही. २००१ मध्ये एका वृत्तपत्राने तो उजेडात आणला, विद्यापीठाने दिलगिरी व्यक्त केली, आणि २००७ मध्ये राज्याने सहा दावेदारांना मिळून ९,२५,००० डॉलरची भरपाई मान्य केली. स्कील्स यांच्या तुलनागटातील मुलांनाही कोणी संमती विचारली नव्हती. त्यांची अधोगती नोंदली गेली, थांबविली गेली नाही. फरक एवढाच की ती कोष्टकांत सर्वांच्या डोळ्यांसमोर होती, म्हणून तिच्याविषयी प्रश्न विचारता आला. मुलांवरील संशोधनाचे नीतिनियम संस्थेने १९७० नंतरच्या दशकात सविस्तर शब्दबद्ध केले. त्यांत मुलाची स्वतःची इच्छा व पालकाची लेखी संमती या दोन्हींची अपेक्षा आहे. अनाथालयातील मुलाचा ‘पालक’ म्हणजे कोण, हा अवघड प्रश्न अशा नियमांच्या पलीकडे उरतोच.

या वादाचे धागे आपल्या प्रदेशापर्यंत येऊन पोहोचलेले आहेत. टर्मन यांच्या आवृत्तीच्या आधारे मराठी व कानडी मुलांसाठी बिनेच्या कसोटीचे मुंबई-कर्नाटक रूपांतर धारवाड येथील व्ही. व्ही. कामत यांनी केले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये निघाला, म्हणजे अमेरिकेत ज्या वर्षी ही कसोटी नेमके काय मोजते यावर विद्वान भांडत होते, त्याच वर्षी. पुढे अनेक दशके आपल्याकडील शाळांतून व रुग्णालयांतून याच कसोटीने मुलांवर शिक्के मारले गेले. बडोदे येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी गुडइनफ यांच्या मनुष्यचित्र-कसोटीचे भारतीय प्रमाणीकरण केले. बेली यांच्या श्रेणीवर आधारलेली भारतीय शिशूंची विकास-श्रेणीही त्यांच्याच परिश्रमाचे फळ होय; तिच्यात ६७ कारक व १६३ मानसिक घटक आहेत. आयोवाच्या टीकाकार गुडइनफ आणि अचल बुद्धिगुणांकाला आपल्या कोष्टकांनी धक्का देणाऱ्या बेली, अशा दोघींची साधने एकाच विदुषीच्या हातून भारतीय मुलांपर्यंत आली, ही योगायोगाची गोष्ट असली तरी बोधक आहे.

ज्या विद्यार्थ्यांना बालगृहांतील किंवा शिशुगृहांतील मुलांवर प्रबंध लिहावयाचा असेल त्यांनी १९६६ च्या प्रबंधिकेतील सरासऱ्या वाचण्यापूर्वी प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र वर्णने वाचावीत. विशेषतः खिळे जुळविणाऱ्या त्या कामगाराचे वर्णन, आणि त्याच्या शेजारी, त्याच पाळणाघरातून निघून संस्थेत भांडी धुणाऱ्याचे. त्यानंतर १९३५ च्या पहिल्या प्रबंधिकेतील बेली यांची कोष्टके समोर ठेवावीत, म्हणजे सहा महिन्यांच्या मुलाच्या एका मापनावर किती भार टाकता येतो याचा अंदाज येईल.